चर्चमध्ये फिरतं धार्मिक प्रदर्शन भरवताना: पहिल्या पत्रापासून शेवटच्या पेटीपर्यंत

चर्चमध्ये फिरतं प्रदर्शन आणायचं ठरलं की बहुतेक मंडळी आधी पोस्टरच्या मागे लागतात. सुरुवात खरं तर चर्चच्या वेळापत्रकापासून करायला हवी. संग्रहालयाची इमारत प्रदर्शनासाठीच बांधलेली असते. चर्चमध्ये मात्र रोजची मिस्सा किंवा उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, क्वायरचा सराव हे सगळं प्रदर्शनाच्या दिवसांतही चालू राहतं, आणि राहायलाच हवं. कुठलं पॅनेल कुठे उभं करायचं, दरवाजे किती वाजता उघडायचे, स्वयंसेवक किती लागतील, या सगळ्यांची उत्तरं त्या वेळापत्रकातूनच निघतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर उपासना आधी धरली आहे आणि प्रदर्शन तिच्याभोवती बसवलं आहे.

येणारं प्रदर्शन कोणत्या प्रकारचं आहे?

फिरती प्रदर्शनं ढोबळपणे तीन प्रकारची असतात. कामाचा व्याप तिन्हींत अगदी वेगवेगळा आहे.

पहिला प्रकार छापील पॅनेलांचा. इटालियन किशोर कार्लो अकुतिस (जन्म १९९१, मृत्यू २००६, संतपद ७ सप्टेंबर २०२५) याने ख्रिस्तशरीराच्या संस्काराशी (मिस्सातल्या पवित्र भाकर-द्राक्षारसाशी) जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून जे प्रदर्शन तयार केलं, ते या प्रकारात मोडतं. पॅनेल फाटलं तर पुन्हा छापता येतं, त्यामुळे पहिल्यांदाच प्रदर्शन भरवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. तीन महिन्यांची तयारी पुरते.

दुसरा प्रकार प्रतिकृतींचा. तुरिनच्या पवित्र कफनाची (येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असं मानलं जातं त्या कापडाची) कापडावर छापलेली पूर्ण आकाराची प्रत हे त्याचं ठळक उदाहरण. मूळ कापड साधारण ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद आहे. म्हणजे प्रत सलग मांडायची तर चौकटीसकट किमान ५ मीटरची मोकळी भिंत किंवा तेवढं लांब टेबल हवं. ही जागा आहे की नाही हे होकार कळवण्याआधी मोजा.

तिसरा प्रकार मूळ वस्तूंचा आणि पवित्र अवशेषांचा: जुनी हस्तलिखितं, मिस्साची वस्त्रं, चित्रं, संतांच्या अस्थी किंवा त्यांनी वापरलेल्या वस्तू. इथे विमा, पहारा, प्रकाश आणि दमटपणा यांच्या अटी येतात, आणि तयारीला सहा ते नऊ महिने लागतात.

आयोजक संस्थेला पहिलं पत्र लिहिताना पुढची माहिती लेखी मागवा: एकूण पॅनेल आणि प्रत्येकाचं माप, ती स्वतःच्या पायांवर उभी राहतात की टांगावी लागतात, सर्वांत मोठ्या पेटीची लांबी-रुंदी-उंची आणि वजन, वीज किती लागते, उभारणीला किती माणसं आणि किती तास, सोबत त्यांचा माणूस येतो का, वाहतूक आणि विमा कुणाच्या खर्चाने, फोटो आणि मजकूर पत्रकात छापायची मुभा आहे का. सर्वांत मोठ्या पेटीचं माप विचारायला हमखास विसरलं जातं. मग ट्रक दारात उभा राहिल्यावर कळतं की बाजूचं दार ८० सेंमीचं आणि पेटी ९५ सेंमीची. मुख्य दार रुंद असलं तरी त्याला सात पायऱ्या असू शकतात. ट्रकपासून ठेवायच्या जागेपर्यंतची पूर्ण वाट चालून पाहा. सर्वांत अरुंद ठिकाण, पायऱ्या आणि वळणं नोंदवा आणि पेटीच्या मापाचा पुठ्ठा कापून त्या वळणांवरून फिरवून बघा.

परवानग्या

धर्मगुरूंचा किंवा पाळकांचा तोंडी होकार पुरेसा नाही. इमारतीची मालकी कुणाकडे आहे ते पाहा. अनेक ठिकाणी उपासना मंडळी करते आणि इमारत न्यासाच्या किंवा धर्मप्रांताच्या नावावर असते. लेखी संमती मालकाची हवी, आणि मंडळीच्या समितीचा ठरावही नोंदवहीत हवा. इमारत वारसा यादीत असेल तर बाकं हलवण्यासाठीही वेगळी परवानगी लागू शकते. अग्निशमन विभागाला आराखडा आधी दाखवावा, कारण एका वेळी आत किती माणसं घ्यायची हा आकडा त्यांच्याकडून मिळाला की दारावरचं सगळं नियोजन त्यावर उभं करता येतं.

कॅथलिक चर्चमध्ये कॅनन लॉची (चर्चच्या कायद्याची) दोन कलमं आयोजकांना तोंडपाठ हवीत. कलम १२१० सांगतं की पवित्र वास्तूत उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक तेवढंच चालावं. इतर वापराला धर्मप्रांताचे अधिकारी त्या त्या प्रसंगापुरती परवानगी देऊ शकतात, पण तो वापर वास्तूच्या पावित्र्याला बाधक नसावा. कलम ११९० पवित्र अवशेषांच्या विक्रीला पूर्ण मनाई करतं. अवशेष येणार असतील तर बिशपांच्या कार्यालयाला सुरुवातीलाच कळवा. डिसेंबर २०१७ मध्ये व्हॅटिकनने अवशेषांची अस्सलता आणि जतन यांविषयी सूचनापत्र काढलं आहे. ते कार्यालयाकडून मागून घेऊन वाचावं. अवशेषासोबत अधिकृत प्रमाणपत्र आणि पात्रावर शाबूत मोहोर असायला हवी. यांपैकी एक जरी नसेल तर स्वीकारायची घाई करू नका. सोबत पाहुणे धर्मगुरू येऊन मिस्सा अर्पण करणार असतील तर त्यांच्या धर्मप्रांताचं पत्रही आधी मागवायचं असतं.

तारखा कशा निवडाव्यात

पवित्र सप्ताह (ईस्टरआधीचा आठवडा) आणि नाताळच्या आधीचे दोन आठवडे सोडून द्या. त्या दिवसांत सजावट, सराव आणि गर्दी यांतच चर्चची सगळी माणसं गुंतलेली असतात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचे मधले आठवडे मात्र ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या प्रदर्शनाला फार योग्य असतात.

कालावधी असा धरा की त्यात दोन रविवार येतील. पहिल्या रविवारी मंडळीतली माणसं पाहतात आणि आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात. ज्यांना आठवड्यात सवड झाली नाही ती मंडळी आणि बाहेरची कुटुंबं दुसऱ्या रविवारी येतात. म्हणजे शनिवार ते पुढच्या रविवारपर्यंतचे नऊ दिवस. त्याआधी उभारणीसाठी दोन दिवस आणि नंतर आवरायला एक पूर्ण दिवस राखून ठेवा. मूळ वस्तू असतील तर उभारणीला तीन दिवस धरा, कारण पेट्या आल्या आल्या उघडता येत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

या बारा-तेरा दिवसांत कुणाचं लग्न ठरलं आहे का, हे चर्चच्या वहीत पाहून त्या कुटुंबाशी आधी बोला. लग्नाच्या फोटोंमध्ये मागे माहितीचे फलक दिसणार असतील तर ते त्यांना आजच कळायला हवं.

मोजमाप आणि मांडणी

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. वहीत मोजून काढलेला एक तास उभारणीच्या दिवशीचे चार तास वाचवतो.

गुंडाळून नेण्याजोगं उभं पॅनेल साधारणपणे ८५ सेंमी रुंद आणि २ मीटर उंच असतं. दोन पॅनेलांमध्ये १५ सेंमी मोकळे सोडले तर प्रत्येकाला १ मीटर लांबी लागते. तीस पॅनेल म्हणजे ३० मीटर. आता चर्चच्या दोन्ही बाजूच्या भिंती २० मीटरच्या असल्या तरी सगळी लांबी हाती येत नाही. प्रत्येक भिंतीतून बाजूच्या दाराचे दीड मीटर, पापनिवेदनाच्या दोन कक्षांचे ५ मीटर आणि पुतळ्याच्या कोनाड्याचे २ मीटर वजा केले तर ११.५ मीटर उरतात. दोन्ही भिंती मिळून २३. सात पॅनेल बाहेर राहतात. ती कुठे जाणार, हे आत्ताच ठरायला हवं.

खोलीचाही हिशेब असाच करायचा. पॅनेलचा पाया ४० सेंमी, वाचणारा माणूस उभा राहायला १ मीटर आणि त्याच्या पाठीमागून दुसऱ्याला, चाकाच्या खुर्चीलासुद्धा, जायला १.२ मीटर. एकूण २.६ मीटर. बाकं आणि भिंत यांच्यातली वाट १.८ मीटरचीच असेल तर तिथे वाचणारे आणि जाणारे एकमेकांना अडवतील, आणि दहा माणसांतच रांग ठप्प होईल. अशा वेळी चर्चच्या मागच्या भागातली चार रांगांची बाकं हलवणं उत्तम. दोन रांगांमधलं अंतर साधारण ९० सेंमी धरलं तर पूर्ण रुंदीभर ३.६ मीटर खोलीची जागा मोकळी होते. बाहेर राहिलेली पॅनेल तिथे पाठीला पाठ लावून उभी करता येतात. बाकं जमिनीला स्क्रूने बसवलेली असतील तर प्रत्येक बाकाला क्रमांक द्या आणि त्याचे स्क्रू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा. जुन्या बाकांची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अदलाबदल झाली की परत बसवताना लाकूड फाटतं.

मधली वाट पूर्ण मोकळी ठेवा. यात तडजोड करू नका. प्रदर्शनाच्या दिवसांत अंत्यविधी येणार नाही असं कुणीच सांगू शकत नाही, आणि शवपेटी व तिच्या दोन्ही बाजूंचे खांदेकरी यांना जवळपास दोन मीटर रुंदी लागते. शोकाकुल कुटुंब दारात उभं असताना आत पॅनेल सरकवण्याची वेळ येऊ नये.

वेदीचा परिसर, बाप्तिस्म्याचं कुंड, पवित्र जलाची पात्रं, पापनिवेदनाचे कक्ष, बाहेर पडायचे दरवाजे, अग्निशामक नळकांडी आणि विजेची पेटी यांच्यासमोर काहीही ठेवायचं नाही. क्रुसाच्या वाटेची (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची) चित्रं भिंतीवर असतील तर ती पॅनेलांमागे जाणार का ते पाहा, विशेषतः उपवासकाळात शुक्रवारी, कारण तेव्हा त्यांच्यासमोर प्रार्थना होते. प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी एक बाजू किंवा एखादं लहान चॅपल पूर्णपणे प्रदर्शनाबाहेर ठेवा. तबरनॅकल (पवित्र भाकर ठेवायची पेटी) त्याच बाजूला असेल तर आणखी चांगलं.

फिरण्याच्या दिशेबद्दल एक बारकावा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. भिंत डाव्या हाताला ठेवून चालणारा माणूस भिंतीकडे तोंड करतो तेव्हा पुढचं पॅनेल त्याच्या उजवीकडे येतं, म्हणजे वाचनाच्याच दिशेने. म्हणून पहिलं पॅनेल दारातून आत आल्यावर डाव्या हाताला हवं आणि फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जायला हवी. पण मोकळ्या जागेत शिरल्यावर पुष्कळ माणसं आपोआप उजवीकडे वळतात आणि शेवटच्या पॅनेलपासून वाचायला लागतात. दारातच मोठा बाण आणि प्रत्येक पॅनेलवर ठळक क्रमांक लावला की गोंधळ मिटतो.

हे सगळं कागदावर आखून झालं की जमिनीवर मास्किंग टेपने खुणा करा आणि एका रविवारी उपासनेनंतर लोक त्या खुणांमधून कसे बाहेर पडतात ते पाहा. कुठे अडतंय ते पाच मिनिटांत दिसतं. टेप मात्र चोवीस तासांच्या आत काढा, नाहीतर जुन्या फरशीवर आणि पॉलिश केलेल्या लाकडावर डिंकाचे डाग राहतात.

भिंतीला खिळा, स्क्रू, दुहेरी टेप यांतलं काहीही लावायचं नाही. चुन्याच्या गिलाव्यावरून टेप काढताना वरचा थर सोबत येतो, आणि रंग जुळवून दुरुस्ती करणं जवळजवळ अशक्य असतं. खांबांना दोरीही बांधू नका. सगळं स्वतःच्या पायांवर उभं राहायला हवं. मोठी दारं उघडी असली की वाऱ्याच्या झोताने हलकी पॅनेल आडवी होतात, म्हणून दाराजवळच्या प्रत्येक पॅनेलच्या पायावर चार-पाच किलोची वाळूची पिशवी ठेवा.

प्रकाश, दमटपणा, धूर

फक्त छापील पॅनेल असतील तर एवढंच पाहा की खिडकीतलं ऊन किंवा दिवा चकचकीत पृष्ठभागावर परावर्तित होऊन मजकूर दिसेनासा होत नाही ना. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिन्ही वेळा जाऊन बघा, कारण ऊन सरकतं.

मूळ कापड, कागद किंवा जलरंगातलं चित्र असेल तर संग्रहालयांमध्ये पाळली जाणारी प्रकाशाची मर्यादा ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) आहे. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. ५० लक्सच्या उजेडात रोज आठ तास, दहा दिवस ठेवलेल्या कापडाला एकूण ४,००० लक्स-तास प्रकाश मिळतो. तेच कापड ५०० लक्सच्या उजेडात ठेवलं तर तेवढाच प्रकाश एका दिवसात. खिडकीजवळ भर दिवसा याहून कितीतरी जास्त उजेड असतो. म्हणून अशा वस्तूची जागा खिडकीपासून लांब निवडा, काचेवर जाड पडदा टाका आणि लक्स-मीटर उसना आणून प्रत्यक्ष मोजा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, डोळा मंद प्रकाशाला लगेच सरावतो.

पेट्या आल्यावर चोवीस तास बंदच ठेवायच्या, आणि त्याही प्रदर्शनाच्याच जागेत. थंड ट्रकमधून आलेली धातूची किंवा काचेची वस्तू उबदार, दमट हवेत उघडली की तिच्यावर लगेच पाणी साठतं. लाकूड आणि चर्मपत्र हवेतली आर्द्रता शोषून फुगतं किंवा सुकून आकसतं. चर्चमध्ये फक्त उपासनेपुरतं तापवण्याचं यंत्र लावायची पद्धत असेल तर त्या दिवसांत ती बंद करा. आर्द्रतेचे वेगाने होणारे चढउतार जुन्या लाकडाला आणि रंगाला सर्वांत जास्त त्रास देतात. तापमान थोडं कमी पण स्थिर असलेलं बरं.

मेणबत्त्यांचे स्टँड वस्तूंपासून किमान दोन-तीन मीटर दूर हलवा. प्रश्न फक्त आगीचा नाही. काजळी काचेच्या फटीतूनही आत जाते. धूपाचं असंच. महासणाच्या मिस्सामध्ये धूप लागणारच असेल तर प्रदर्शनपेट्यांच्या फटी बंद आहेत का, हे संस्थेच्या माणसाला विचारा. ताजी फुलं पेटीवर किंवा तिला चिकटून नकोत, कारण पाणी सांडतं आणि फुलांसोबत किडे येतात. ऑर्गनच्या खर्जाच्या स्वरांनी काचेच्या फळ्या कंप पावतात आणि त्यांवरच्या लहान वस्तू हळूहळू कडेकडे सरकतात. रोज सकाळी एकदा प्रत्येक वस्तूची जागा आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहा.

जड पेटी जुन्या लाकडी जमिनीवर किंवा थडग्याच्या शिळेवर ठेवू नका. पर्यायच नसेल तर खाली जाड प्लायवूड टाकून वजन पसरवा, तेही इमारतीची माहिती असलेल्या अभियंत्याला विचारूनच.

विजेचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकी १०० वॅटचे चित्रफितींचे सहा पडदे आणि १० वॅटचे वीस दिवे म्हणजे ८०० वॅट. हे ध्वनियंत्रणेच्या सर्किटवर टाकू नका, माईकमधून गुणगुण ऐकू येते. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. वाटेवरून जाणारी वायर रबरी पट्टीखाली झाका.

करार, विमा आणि वस्तूंच्या स्थितीची नोंद

विमा वस्तू तिच्या मूळ जागेवरून हलल्यापासून परत तिथे पोहोचेपर्यंत सलग हवा. पुष्कळदा वाहतूकदाराचा विमा ट्रकमधून उतरवल्यावर संपतो आणि चर्चचा विमा फक्त इमारतीचा आणि तिच्या स्वतःच्या सामानाचा असतो. मधल्या पायऱ्यांवर पेटी पडली तर कुणीच जबाबदार राहत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूची मान्य किंमत, विम्याचा कालावधी आणि तो कुणी उतरवायचा, हे करारात लिहून घ्या. विम्याचं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय ट्रक निघू देऊ नका. तारीख बदलली तर खर्च कुणाचा, हेही लिहा.

पेटी उघडताना दोन माणसं हवीत. एक उघडणारा, एक लिहिणारा. प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो, आधीपासूनच्या चिरा-डाग-फाटींची नोंद आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या. ही नोंद नसेल तर परत जाताना दिसलेली प्रत्येक चीर तुमच्या चर्चच्या नावावर जाते. पेटीत वस्तू कोणत्या क्रमाने आणि कशा बसवल्या होत्या त्याचेही फोटो काढा. नऊ दिवसांनी ते कुणाला आठवत नाही. रिकाम्या पेट्या आणि आतला फोम कोरड्या खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवा.

पवित्र अवशेष असतील तर

अवशेष वेदीच्या पृष्ठभागावर ठेवायचे नाहीत. ती जागा ख्रिस्ताच्या शरीररक्तासाठी राखलेली आहे, असं लोकभक्तीविषयीच्या २००१ च्या व्हॅटिकन निर्देशिकेत स्पष्ट म्हटलं आहे. वेदीच्या खालच्या बाजूला किंवा एका कडेला वेगळं, भक्कम, आच्छादन घातलेलं टेबल मांडा.

गर्दीचा अंदाज असा काढा. एका माणसाला नमन करायला सरासरी १० सेकंद लागले तर तासाला ३६० माणसं, दोन रांगा केल्या तर ७२०. हजार माणसं येणार आणि वेळ दोनच तास असेल तर एक रांग पुरणार नाही. गुडघे टेकायला जागा दिली की वेळ दुप्पट होतो, आणि तो द्यायलाच हवा. म्हणून दर्शनाची वेळ वाढवा. जपमाळा, रुमाल, आजारी माणसाचे फोटो लोक पात्राला टेकवायला आणतात. त्यासाठी एक स्वयंसेवक मऊ कापड घेऊन शेजारी उभा हवा. काच पुसायला किंचित ओलं सुती कापड चालतं. मात्र आवरण अ‍ॅक्रिलिकचं असेल तर अल्कोहोलचा सॅनिटायझर अजिबात वापरू नका. त्याने अ‍ॅक्रिलिकमध्ये बारीक जाळीदार चिरा पडतात आणि ते कायमचं धूसर होतं.

दर्शनाच्या वेळात अवशेषांजवळ कायम दोघं हवेत. एक पाणी प्यायला गेला तरी दुसरा हलणार नाही. रात्री ते कुलूपबंद तिजोरीत किंवा साक्रिस्तीत (उपासनेची वस्त्रं आणि सामान ठेवायच्या खोलीत). किल्ली कुणाकडे आहे याची वहीत सहीनिशी नोंद करा.

माणसं

स्वयंसेवकांची पाळी अडीच तासांची असावी. त्याहून लांब पाळीत शेवटचा तास लक्ष राहत नाही. एका पाळीला दारावर एक, आत फिरते दोन, माहिती देणारा एक आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक, असे पाच. दिवसाला दहा तास उघडं ठेवलं तर चार पाळ्या म्हणजे २० जागा, नऊ दिवसांत १८०. प्रत्येकाने तीन पाळ्या घेतल्या तरी ६० माणसं लागतात. तुमच्या मंडळीतून तेवढी उभी राहत नसतील तर तास कमी करा. थकलेल्या पंधरा माणसांवर नऊ दिवस ढकलू नका.

माहिती देणाऱ्यांची तयारी मनापासून करून घ्या. वस्तू मूळ आहे की प्रतिकृती, हे त्यांनी न विचारताही सांगावं, आणि फलकावरही तसं मोठ्या अक्षरांत असावं. कफनाच्या प्रदर्शनात १९८८ च्या कार्बन चाचणीबद्दल प्रश्न येणारच. ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी कापडाचा काळ इ.स. १२६० ते १३९० असा दिला, त्या निष्कर्षावर आजवर वाद चालू आहे, आणि चर्चने कफनाच्या अस्सलतेबद्दल अधिकृत निर्णय दिलेला नाही. हे तिन्ही मुद्दे शांतपणे सांगता यायला हवेत. श्रद्धेने येणाऱ्याचा आणि शंकेने येणाऱ्याचाही मान त्यात राहतो. प्रदर्शनात दुसऱ्या धर्मपरंपरेच्या वस्तू असतील, उदाहरणार्थ यहुदी धर्मग्रंथ तोराची गुंडाळी, तर तिची हाताळणी आणि वर्णन त्या परंपरेच्या जाणकारांना आधी दाखवून घ्या.

पॅनेलचा मजकूर परक्या भाषेत असेल तर भाषांतराला सहा आठवडे धरा. बायबलमधली नावं तुमच्या चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या भाषांतराप्रमाणेच लिहा, नाहीतर एकाच व्यक्तीची दोन नावं होतात. जोडपत्रकातली अक्षरं किमान १८ पॉइंटची हवीत. येणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात आणि चर्चमधला उजेड मंद असतो.

शाळांचे गट तीसपेक्षा मोठे नकोत आणि दोन गटांमध्ये वीस मिनिटं ठेवा. तीस पॅनेल नीट वाचायला अर्धा तास लागतो, मुलांना तेवढा वेळ उभं करू नका. पाच-सहा पॅनेल निवडून तीच समजावून सांगा. मुलांसोबत शिक्षक कायम हवेत. स्वयंसेवकाने मुलांबरोबर एकट्याने थांबू नये.

रोजचा क्रम

उपासनेच्या अर्धा तास आधी प्रदर्शन थांबवा आणि नंतर अर्ध्या तासाने उघडा. हे दारावरच्या फलकावर वेळांसकट लिहा. चित्रफितींचा आवाज पूर्ण बंद, शक्यतो पडदेही काळे. एकच माणूस हे बटण दाबायला नेमा. सगळ्यांवर सोपवलं की कुणीच करत नाही, आणि शुभवर्तमानाच्या वाचनात निवेदकाचा आवाज घुमतो.

साफसफाई करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सोबत घेऊन फिरा. ओल्या पोछ्याने पॅनेलचे पाय भिजतात आणि काचेवर फवारलेलं द्रव कडेतून आत झिरपतं. पेटीजवळ फक्त कोरडं कापड.

प्रवेश विनामूल्य ठेवावा आणि दानपेटी दाराजवळ, कुणी तरी बघेल अशा ठिकाणी. पुस्तकं आणि जपमाळांचं विक्रीटेबल उपासनेच्या जागेत नको, बाहेरच्या ओसरीत किंवा सभागृहात. अंदाजपत्रकात वाहतूक, विमा, रात्रीचा पहारा, छपाई आणि वीज धरल्यावर वर आणखी १० ते १५ टक्के राखून ठेवा. उभारणीच्या दिवशी काही ना काही आणावं लागतंच.

रोज संध्याकाळी बंद करताना मोजणी, वस्तूंची तपासणी, दिवे, मेणबत्त्या आणि दारं या क्रमाने फेरी मारून वहीत सही करा. शेवटी प्रसाधनगृह, क्वायरचा माळा आणि पापनिवेदनाचे कक्ष बघायला विसरू नका. आत कुणी राहून गेलेलं असू शकतं.

आवरताना

शेवटच्या रविवारी रात्री आवरायला घेऊ नका. माणसं दमलेली असतात, घाई होते, आणि नऊ दिवस सुखरूप राहिलेली वस्तू तेव्हा फुटते. चर्च कुलूपबंद करून सोमवारी सकाळी सुरुवात करा. आधी वस्तूंच्या स्थितीची नोंद पुन्हा, येतानाच्या फोटोंशी ताडून. मग पेट्या, आतल्या फोटोंच्या क्रमाने. स्टँडचे स्क्रू आणि पाने छोट्या पिशवीत घालून त्या त्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, कारण पुढच्या चर्चमध्ये सर्वांत जास्त वेळ हेच शोधण्यात जातो. पेट्यांवर मोहोर किंवा क्रमांकाचं सील लावून क्रमांक लिहून घ्या आणि ट्रकवाल्याची पोच घेतल्यावरच दार बंद करा.

बाकं क्रमांकाप्रमाणे परत बसवा आणि भिंती-फरशी यांचे फोटो आधीच्या फोटोंसोबत इमारतीच्या मालकाला पाठवा. पॅनेल क्रमांक ७ चा पाय ढिला आहे, अमुक पेटीचं झाकण उलटं बसतं, उभारणीला सहा माणसं आणि पाच तास लागले, असं एक पानभर टिपण आयोजक संस्थेला लिहून द्या, आणि त्याची एक प्रत पहिल्या पेटीत सर्वांत वर ठेवा, म्हणजे पुढच्या चर्चला ती झाकण उघडताच मिळेल.